ओढू नका, पाणी येऊ द्या

श्रोतेहो, नमस्कार.

शास्त्री नदीची खाडी जयगडला समुद्राला मिळते. त्या खाडीच्या आतल्या अंगाला, उतारावर आमचं घर, आणि घरामागे गोठे. गोठ्यात बैल जास्त, गाई कमी, थोड्या शेळ्या, कोंबड्या आणि एक आंधळी म्हैस. यातलं एकही जनावर आम्ही बाजारातून आणलेलं नाही. कुणी महामार्गावर गाडीची ठोकर खाल्लेलं, कुणाला मालकाने स्वतः डोळ्यांत पाणी आणून सोपवलेलं, तर कुणाला रातोरात आमच्या गडग्याशी बांधून माणसं निघून गेलेली. सांभाळणारे आम्ही घरचेच. मी, माझे यजमान, सासूबाई, आणि शाळा सुटली की आमची मुलगी.

आज तुमच्या कानावर एक गोष्ट घालायची आहे, आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे. जनावर पडलं, रुतलं, अडकलं, तर त्याला ओढू नका. आधी आधार द्या, मग उठवा. ओढू नका.

यजमान पहाटे पाचला गोठ्यात जातात, पण आत शिरल्याशिरल्या दिवा लावत नाहीत. दारात उभे राहून ऐकतात. रवंथ चाललेली असते, तिचा आवाज अंधारातही कळतो. जे जनावर गप्प असेल त्याच्याकडे आधी बॅटरी जाते. मग शेण काढायचं, आणि काढताना ते पातळ आहे की घट्ट, त्यात प्लॅस्टिकचा तुकडा आहे का हे बघायचं. सासूबाई तोवर चुलीवर आंबोण शिजवतात. कोंडा, कळणा, मूठभर पेंड, आदल्या दिवशीची पेज. दात गेलेल्या बैलांसाठी पेंढा बारीक कापून भिजत घालावा लागतो, ते काम माझं. मोठ्या जनावराला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. जांभा पाणी धरून ठेवत नाही, हे मी तुम्हांला काय सांगायचं!

पेंढ्याचंही तसंच. झोडणी झाली की आम्ही उडव्या रचतो, त्या पुरवून पुरवून पावसापर्यंत न्यायच्या. मार्च उजाडला की पेंढ्याचा भाव चढतो, कारण तो आंब्याच्या आढीला आणि पेट्यांना लागतो. बागायतदार आमचे शेजारी आहेत, पावसाच्या तोंडावर कलमांना घालायला शेणखत आमच्याकडूनच नेतात, त्याच पैशांत औषधपाणी निघतं. तरी मला मनापासून वाटतं, की पेटीत कागदाचे कपटे घातले तर आंब्याची गोडी काही कमी होणार नाही. पेंढा हे अन्न आहे. ते मुंबईच्या बाजारात पोचून कचऱ्यात जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं.

हो, आणि गोठ्यात गुळगुळीत सिमेंटची लादी घालू नका. हल्ली सगळीकडे बघते, घराला टाइल्स लावल्या की उरलेलं सिमेंट गोठ्यात. गाय-बैल उठताना आधी मागचे पाय उचलतात, गुडघ्यावर टेकून पुढे झुकतात आणि मग उभे राहतात. त्या क्षणी खुराला पकड हवी. ओल्या लादीवर म्हातारा बैल फाकतो आणि पुन्हा उठत नाही. जांभ्याचे खडबडीत चिरे बसवा, मातीची जमीन ठेवा, वर पेंढा टाका. आणि जनावर उठत नसेल तर शेपूट पिळू नका, दाव्याला धरून ओढू नका. चार माणसं येऊन शिंगं, शेपूट, पाय जे हाती लागेल ते खेचतात. सांधा निखळतो तो तिथेच.

बैल एवढे का येतात, असं लोक विचारतात. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली. २०१५ साली कायदा बदलला, गाईबरोबर बैलाचीही कत्तल राज्यात बंद झाली. झालं ते बरं झालं असं माझं मत आहे. पण पंधरा वर्षांचा बैल पुढे खाणार काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या अंगणात उभा राहिला. आपली कोकण कपिला गुरं लहान चणीची, पावसाला आणि उन्हाला टिकणारी, खायला कमी लागणारी. दोन वेळचा पेंढा आणि सावली एवढंच त्यांचं मागणं असतं. तेवढंही होत नाही असं ज्याला वाटतं तो दावं सोडतो, आणि जनावर उनाड होतं.

असाच सोडलेला एक काळा बैल आषाढी एकादशीच्या दिवशी आमच्या खाडीत रुतला. ती हकीकत मी कुठेही गेले तरी सांगते, आज तुम्हांलाही सांगते.

पाऊस भुरभुरत होता. घरात उपास, सासूबाईंची पूजा चाललेली. दुपारी एकच्या सुमाराला खालच्या वाडीतला मुलगा धावत आला, काकी, चिखलात बैल बसलाय, नुसती पाठ आणि तोंड दिसतंय. आम्ही दोघं उतरलो. ओहोटी लागलेली, पाणी लांब गेलेलं, आणि तिवरांच्या, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांच्या, पलीकडे उघड्या गाळात तो बैल पोटापर्यंत रुतलेला. तिवराच्या खारट पाल्याची गुरांना चटक असते, त्या नादाने तो आत गेला असणार. सुटायची धडपड करून दमला होता. जितकं हलावं तितकं गाळ खाली ओढतो.

काठावर माणसं जमली होती. दोर आणलेला, फास तयार केलेला, एकाने ट्रॅक्टरसाठी फोनही लावला होता. सगळी जिवाने आलेली माणसं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. फास मानेत टाकणार, तेवढ्यात खारवीवाडीतले म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, पुढे आले. जूनपासून यांत्रिक होड्या बंद, त्यामुळे वाडीतले सगळे बापये घरी, जाळी विणत बसलेले. ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्यावर इरलं. ते म्हणाले, "वैनी, वडू नुको. मान जाईल त्याची. पानी येऊं दे."

मी म्हटलं, काका, पाणी आलं तर बुडेल की तो!

त्यांनी मला शांतपणे हिशेब सांगितला. तो खाडीकाठच्या लोकांना पाठ आहे, बाकीच्यांनी ऐकून ठेवा. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. आज एकादशी, म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. खाडीत आत यायला थोडा उशीर. म्हणजे आत्ता दोनला पूर्ण ओहोटी, मग पाणी वळणार, पाचच्या सुमाराला बैलाच्या पोटाला लागणार. "तवर आपल्याला तीन घंटे हायत," म्हणाले, "तीन घंट्यांत त्याला तरंगायचा करू." रुतलेला पाय गाळाने चोखून धरलेला असतो. कोरड्याने ओढलं तर पाय येत नाही, खांदा येतो. पाणी पायाच्या बाजूने आत शिरलं की गाळ सैल होतो आणि धरलेलं सोडतो. होडी गाळात बसली तर ते असंच करतात, दुसरं काही नाही.

फास बाजूला पडला. ट्रॅक्टरवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

मग जे काम सुरू झालं! होड्यांच्या फळ्या आल्या, माडाच्या झावळ्या आल्या, त्या गाळावर अंथरून वाट केली, नाहीतर माणूसच रुतायचा. यजमान आणि दोन तरुण फळ्यांवर पोटावर झोपून बैलापर्यंत गेले. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला, तसा तो शांत झाला. हनुवटीखाली पेंढ्याचं पोतं दिलं, पाठीवर गोणपाट टाकलं, कारण एवढा वेळ थंड गाळात बसून अंग गार पडत चाललेलं. मी गूळपाणी घेऊन गेले, तो दोन घोट प्याला. मोहल्ल्यातून चौघे जण रिकामे डिझेलचे कॅन घेऊन आले, झाकणं घट्ट करून. वाडीतल्या बायकांनी जुन्या जाळ्याची चौपदरी घडी घातली आणि हातभर रुंद पट्टे शिवले. दोर अंगाला कापतो. रुंद पट्टा वजन पसरवतो. हे लक्षात ठेवा, श्रोतेहो, रुंद पट्टा.

पट्टा पोटाखालून न्यायचा कसा? त्याचीही युक्ती तांडेलांनीच केली. लांब बांबूच्या टोकाला दोरी बांधली, बांबू एका बाजूने तिरका गाळात खुपसून पोटाखालून दुसऱ्या बाजूला काढला, आणि दोरीमागून पट्टा सरकवला. एक छातीखालून, पुढच्या पायांच्या मागे, आणि एक पोटाखालून. हे सगळं होईपर्यंत साडेचार वाजले, आणि तिवरांच्या मुळांत पाणी खुळखुळायला लागलं.

पाणी चढत होतं तेव्हा काठावर कुणी बोलत नव्हतं. दोन्ही बाजूंना पट्ट्यांना कॅन बांधले. पाणी पोटाला लागलं. छातीला लागलं. तरुण पोरं पाण्यात उभी राहून बांबूने एकेका पायाशेजारी भोकं पाडत होती, की पाणी आत उतरावं. बुडबुडे यायचे. यजमानांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी वर धरलेलं. पाणी त्यांच्याच गळ्याशी आलं तेव्हा मी हाक मारली, आता ओढा, ओढा! आणि तांडेल होडीतून माझ्यावर ओरडले, "वडायचं न्हाय! त्योच उटंल!"

आणि तो उठला. आधी मागचं अंग वर आलं, मग कॅनांनी पुढचं उचललं, आणि एकदम सगळा बैल पाण्यावर. काठावर जो आवाज झाला, ज्ञानबा-तुकाराम म्हणत पोरं नाचायला लागली. होडी पुढे, पट्ट्याची दोरी होडीला, मानेला काही नाही. वल्हवत वल्हवत त्याला धक्क्याजवळच्या वाळूत आणला, तिथे त्याचे पाय टेकले. टेकले, पण उभा राहीना. पायांत जीवच नव्हता.

पुढचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून सांगते. फळीवर घालून, पिकअपमधून त्याला घरी आणला. गोणपाटाने चोळून चोळून अंग कोरडं केलं, कोमट पाणी पाजलं. डॉक्टर रात्री आले, सलाइन लावलं, खांदा आणि खुबा दाबून बघितला आणि म्हणाले, सांधे शाबूत आहेत. पेंढ्याची जाड गादी करून त्याला छातीवर बसता ठेवला, दोन्ही बाजूंना पोती लावून. आडवा पडू द्यायचा नाही, पोट फुगतं. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर खालच्या पायाचं मांस दबून निकामी होतं. दोन रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आंबोण घेऊन गेल्या आणि त्यांच्या ओरडण्याने मी पळत गेले. तो उभा होता. थरथरत, पण चारही पायांवर.

मुलीने त्याचं नाव विठू ठेवलं. एकादशीचा आणि काळा, दुसरं नाव कुणाला सुचलंही नसतं.

विठूच्या कानात बिल्ल्याचं भोक होतं, बिल्ला कापून काढलेला. गुरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो, त्यावरून लसीकरणाची नोंद कळते, मालक कळतो. नांगराला म्हणून बारा-तेरा पावसाळे जुंपलेल्या जनावराचा कान कापून त्याची ओळख पुसायची, याचं मला फार दुःख होतं. नसेल सांभाळता येत तर सांगा. गावात सांगा, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, आमच्यासारख्या घरांना सांगा. लाज वाटायचं काही कारण नाही. पण सोडू नका.

आणि जनावर पडलेलं दिसलं तर १९६२ हा क्रमांक फिरवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, फोनला पैसे लागत नाहीत. पथक येईपर्यंत काय करायचं? छातीवर बसतं करा, सावली किंवा पांघरूण द्या, डोळे झाका, पाणी दाखवा. ओढू नका.

पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेतली असेलच तुम्ही. नसेल तर या आठवड्यात घ्या.

तांडेलांनी नंतर जाळ्याचे ते पट्टे नीट दुहेरी शिवून दिले. ते आणि रिकामे कॅन आता धक्क्यावरच्या शेडमध्ये टांगलेले असतात. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या कुठल्याही गावाने, विचारल्याशिवाय, दिवसा-रात्री न्यावेत. परत आणताना मात्र गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून आणा. खाऱ्या गाळाने शिवण कुजते.

नमस्कार.