चार विसा आणि दहा

नमस्कार मंडळी,

कॅनडातल्या या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या आपल्या संक्रांतीच्या मेळाव्यात दोन शब्द बोलावेत, असे अध्यक्षांनी सुचवले तेव्हा मी वेगळाच विषय मनाशी धरला होता. परंतु गेल्या रविवारी आमच्या घरी जे घडले ते मनातून जात नाही, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

रविवारी सकाळी साताऱ्याजवळच्या आमच्या गावाहून आईचा फोन आला होता. माझी मुलगी दुसरीत आहे. ती फ्रेंच इमर्शनच्या वर्गात शिकते, म्हणजे शाळेतला तिचा बहुतेक सगळा दिवस फ्रेंचमध्येच जातो. आजीने तिला विचारले, "शंभरापर्यंत अंक येतात का गं?" तिने लगेच फ्रेंचमध्ये सुरुवात केली. ऐंशीला ती 'कात्र-व्हँ' म्हणाली आणि नव्वदला 'कात्र-व्हँ-दीस'. याचा अर्थ काय, असे आजीने विचारल्यावर तिने बोटे पुढे करून सांगितले, "चार वेळा वीस, आणि वर दहा." आई क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, माझ्या सासूबाई अशाच मोजायच्या. गोवऱ्या रचून झाल्या की म्हणायच्या, चार विसा आणि दहा झाल्या, आता पुरे." मुलगी माझ्याकडे वळली आणि अगदी गंभीरपणे तिने विचारले, "बाबा, मग पणजी फ्रेंच होती का?"

आम्ही सगळे हसलो. हसू ओसरल्यावर आई म्हणाली, "आता मराठीत म्हण बघू नव्वद." मुलीला ते आले नाही. तिने आधी स्वतःच्या आईकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि हळूच इंग्रजीत 'नाइन्टी' म्हणाली.

फोन ठेवल्यावर आमच्या घरात जो वाद झाला, तो तुमच्यापैकी अनेकांच्या घरी झाला असेल. पत्नी म्हणाली, "फ्रेंचसाठी आपण लेकराला उणे वीसमध्ये बसची वाट पाहत उभे करतो आणि मराठीसाठी रात्रीची दहा मिनिटे आपल्याकडून निघत नाहीत." तिचे म्हणणे खरे होते. मी मात्र उत्तर दिले ते दुसऱ्याच गोष्टीचे. मी धाकट्याचा विषय काढला, कारण तो सप्टेंबरात पहिलीत जाईल आणि आमच्या शाळेत त्या वर्षी इमर्शनचा वर्ग निघेल की नाही, हेच ठरलेले नाही. त्यावर ती म्हणाली, "मग शहरात, फ्रेडरिक्टनला राहायला जाऊ." तेव्हापासून घरात हा विषय निघाला की दोघेही गप्प होतो.

आम्ही हार्टलँडच्या लाकडी छताच्या पुलापासून फार दूर नसलेल्या एका लहान गावात राहतो. उन्हाळ्यात नजर जाईल तिथवर बटाट्याची शेते आणि हिवाळ्यात तेवढाच बर्फ, असा तो भाग आहे. तिथे पट कमी म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकलो. दरवर्षी जूनमध्ये गुरुजी घरोघरी फिरून पटावर नावे घालत, कारण पट घसरला तर एक शिक्षक जाणार, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. इथेही तेच आहे. पहिलीला जेमतेम वीस-बावीस मुले असलेल्या शाळेत निम्म्या पालकांनी इमर्शन मागितले, तर दोन्हीकडे अर्धे वर्ग उरतात, मग दोन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात, आणि फ्रेंचमधून शिकवू शकणारा शिक्षक शहर सोडून आमच्याकडे यायला सहसा तयार होत नाही. फ्रेंचभाषक अल्पसंख्याकांना कॅनडाच्या संविधानातल्या १९८२ च्या अधिकारपत्राने फ्रेंच शाळेचा हक्क दिला आहे, आणि त्यालाही 'संख्या पुरेशी असेल तेथे' अशी अट आहे. इंग्रजीभाषकांच्या शाळेतल्या इमर्शनला तर तेवढाही आधार नाही. कॅनडातला अधिकृत द्विभाषिक असा एकमेव प्रांत आपला आहे. १९६९ साली लुई रोबिशो यांच्या सरकारने तसा कायदा केला. तरीही त्याच प्रांतातल्या खेड्यातल्या मुलाला पहिलीपासून फ्रेंच मिळेल की नाही, हे त्या वर्षी गावात किती मुले पहिलीत येतात यावर ठरते.

हे शिक्षण सुरू झाले तेच मुळी पालकांच्या हट्टातून. माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ साली काही इंग्रजीभाषक पालकांनी शाळा मंडळाच्या मागे लागून फ्रेंचमधला बालवर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट यांनी पुढे कित्येक वर्षे त्या मुलांचा अभ्यास केला. सुरुवातीला ती मुले इंग्रजी वाचनात थोडी मागे राहिली, परंतु शाळेत इंग्रजी सुरू झाल्यावर ती कसर लवकरच भरून निघाली. हे निष्कर्ष आपण पालक नेहमी एकमेकांना ऐकवतो. मात्र एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. त्या मुलांचे इंग्रजी टिकले, कारण घर, रस्ता, दुकान, दूरचित्रवाणी, सारे इंग्रजीच होते. आपल्या मुलांच्या मराठीला असा रस्ता नाही की दुकान नाही. तिला आहे ते फक्त आपले घर, आणि त्या घरातही आपण मुलांशी बोलताना दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीत शिरतो. मराठी बुडाली तर तिचा दोष फ्रेंचच्या माथी मारू नका. माझ्या मुलीला नव्वद म्हणता आले नाही, यात तिच्या फ्रेंच शिक्षिकेचा काय अपराध?

आता जे बोलणार आहे ते मला जड जाते. इमर्शन बंद करून बालवर्गापासून सर्वच मुलांना अर्धा दिवस फ्रेंच देण्याचा प्रस्ताव प्रांताच्या सरकारने २०२२ च्या डिसेंबरात मांडला. त्यावर २०२३ च्या जानेवारीत इथे फ्रेडरिक्टनला भरलेल्या सभेला मीही आलो होतो. सभागृह खच्चून भरले होते. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो, आणि फेब्रुवारीत सरकारने प्रस्ताव मागे घेतला तेव्हा मला आनंद झाला. ती योजना घाईची होती, तिच्यासाठी पुरेसे शिक्षक नव्हते, आणि इमर्शनमध्ये मूल ज्या सहजतेने भाषा उचलते ते अर्ध्या दिवसात साधले नसते, असे मला आजही वाटते. परंतु सभेच्या रात्री गाडी चालवत घरी परतताना माझ्या मनात आमच्या शेजाऱ्याचा मुलगा आला. त्याच्या वर्षी आमच्या शाळेत इमर्शनचा वर्ग निघालाच नव्हता. त्याला पाचवीत काही महिने सघन फ्रेंच मिळेल, त्यापलीकडे फारसे काही नाही. आम्ही आमच्या मुलांचे राखले, आणि त्याच्यासाठी काय मागितले? २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला, तेव्हा आपण सगळे तावातावाने बोललो. कोवळ्या वयात भाषेचे ओझे किती, हा प्रश्न तिथे रास्तच होता. पण ती भाषा शिकवायला वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत कोण येणार होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले.

म्हणून आज थोडे रागावून बोलतो, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. आपली मंडळी खेड्यात येतात, कारखान्यात, इस्पितळात चांगले काम करतात, आणि मूल पाच वर्षांचे झाले की शाळेसाठी शहर गाठतात. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातून अशी तीन मराठी कुटुंबे गेली. प्रत्येकाचे कारण योग्य होते. पण प्रत्येक कुटुंबाबरोबर पटावरचे एक-दोन आकडे गेले, आणि ते आकडे केवळ आपल्या मुलांचे नव्हते. त्यांच्या जोरावर बटाटे पिकवणाऱ्याच्या मुलालाही वर्ग मिळाला असता. ज्यांच्या आईवडिलांना घर विकून शहरात जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शाळा तेवढी एकच असते.

रविवारपासून आमच्याकडे रात्री जेवणानंतर अंक म्हणतात. मुलगी एकोणऐंशीला अडते. फ्रेंचमध्ये तो आकडा साठ आणि एकोणीस असा मोजतात आणि मराठीत ऐंशीला एक कमी, हे तिला फार नवलाचे वाटते. काल ती तांदळाचे दाणे ताटात वीस-वीसच्या ढिगांनी मांडत होती आणि प्रत्येक ढिगाला पणजीचे नाव देत होती. धाकटा शेजारी बसून ढीग मोडत होता.

बुधवारी मी शेजाऱ्याकडे गेलो. त्याची धाकटी मुलगी आमच्या मुलाच्याच वर्गात आहे. पहिलीच्या इमर्शनसाठी तिचे नाव घालाल का, असे मी विचारले. त्याने कोठारातला दिवा मालवला, हातमोजे काढले आणि बराच वेळ विचार केला. त्याला स्वतःला फ्रेंच येत नाही, घरी अभ्यास कोण घेणार याची त्याला काळजी आहे, आणि वर्ग मध्येच बंद पडला तर मुलीचे काय, याची त्याहून अधिक. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही इथेच राहणार असाल, तर मी तिचे नाव घालतो."

मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.