प्रश्न कामगारांनीच विचारले

नमस्कार श्रोतेहो. मोबाईलवर आपण एआयला काही विचारतो आणि चांगल्या भाषेत, सभ्य उत्तर मिळतं. ते सभ्य असावं म्हणून आधी कुणा माणसांनी खुनाची, छळाची, लहान मुलांवरच्या अत्याचारांची वर्णनं वाचून, काय टाळायचं ते यंत्राला कळावं म्हणून, त्यांची वर्गवारी केलेली असते. केनियात नैरोबीमध्ये हे काम तासाला १.३२ ते २ डॉलर देऊन करून घेतलं गेलं, असं 'टाइम' नियतकालिकानं जानेवारी २०२३ मध्ये उघड केलं.

बातमी जगभर पोचली. पण अशा कामगारांवर अभ्यास व्हायचा तो बहुधा बाहेरून. तज्ज्ञ येणार, त्यांनी ठरवलेले प्रश्न विचारणार, निबंध त्यांच्याच नावानं छापला जाणार. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ मिलाग्रोस मिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत मोडली. 'डेटा वर्कर्स इन्क्वायरी', म्हणजे एआयसाठी असं काम करणाऱ्या कामगारांनी स्वतः केलेली चौकशी, हा त्यांचा प्रकल्प २०२४ मध्ये लोकांसमोर आला. एआयच्या संशोधक तिम्नित गेब्रू यांनी २०२१ मध्ये उभी केलेली 'डेअर' ही संशोधन संस्थाही त्यात आहे. मूळ कल्पना जुनी. फ्रान्समधल्या कामगारांना त्यांच्या कामाविषयी विचारायला कार्ल मार्क्सनं १८८० मध्ये शंभरेक प्रश्नांची यादी केली होती. या वेळी मात्र प्रश्नसुद्धा कामगारांनीच काढले. केनिया, व्हेनेझुएला, सीरिया, जर्मनी अशा देशांतले हे कामगार स्वतःच संशोधक झाले आणि त्या कामाचा मोबदला त्यांना मिळाला. ही मोबदल्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सर्वेक्षणाला आलेला माणूस गावकऱ्याचा अर्धा दिवस घेतो, आणि त्या बुडालेल्या रोजाचा हिशोब कुणी करत नाही.

यातून काय निघालं, ते ऐका. इथिओपियातली एक पत्रकार युद्धामुळे देश सोडून केनियात आली आणि समाजमाध्यमांवरचा हिंसक मजकूर तपासण्याच्या कामाला लागली. तिनं आपल्या सहकाऱ्यांशी बोलून लिहिलं. दिवसभर प्रेतं आणि रक्तपात पाहून मनावर काय परिणाम होतो, त्यातून कितीजण नशेच्या आहारी जातात, हे तिच्या लेखनात आलं. या लोकांकडून गुप्ततेच्या करारांवर सह्या घेतलेल्या असतात. परक्यासमोर ते तोंड उघडत नाहीत. शेजारच्या खुर्चीवर बसून तेच काम केलेल्या बाईजवळ मात्र बोलतात. म्हणून अशा संशोधनाला मी कमी दर्जाचं मानत नाही. इथे तरी तेच जास्त खरं आहे.

मराठीचाही इथे संबंध आहे. यंत्राला मराठी बोलणं कळावं म्हणून पालघरकडच्या आदिवासी गावांतल्या आणि मुंबईतल्या वस्तीतल्या लोकांनी मोबाईलवर वाक्यं वाचून आपले आवाज दिले आहेत. कमी उत्पन्नाची माणसं हे काम नीट करू शकतात का, हा संशोधकांचा प्रश्न होता, आणि उत्तर हो असंच आलं. त्या गावांतल्या बायकांनी प्रश्न काढले असते तर? आवाज पुढे कुठे वापरला जातो, आपण बोलतो ती बोली यंत्राला समजणार की फक्त पुस्तकी मराठी, नको वाटलं तर आवाज परत घेता येतो का, असं त्यांनी विचारलं असतं, असं मला वाटतं.

आपल्यापैकी कुणी घरी बसून मोबाईलवर फोटोंवर खुणा करण्याचं, आवाज देण्याचं किंवा मजकूर तपासण्याचं काम करत असेल, तर आजपासून एका वहीत लिहायला लागा. किती तास काम केलं, किती पैसे हाती आले, कुठलं काम कारण न सांगता नाकारलं गेलं, कशानं झोप उडाली. आणि तेच काम करणाऱ्या आणखी दोघीतिघींना गाठून त्यांच्या वह्याही वाचा. नमस्कार.