घरसभेत प्रार्थनेची घाई का नको?

(कॅमेऱ्याकडे पाहून)

जय ख्रिस्त, मंडळी. ऐरोली म्हणा, घणसोली म्हणा, घरसभेत, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून होणाऱ्या प्रार्थनासभेत, हे सर्रास होतं. एखाद्या ताई सांगायला लागतात, "ह्यांची नोकरी गेली, आणि घरात..." तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "ताई, प्रार्थना करू या." डोळे मिटतात, आमेन होतं, चहा येतो. घरात काय, ते राहूनच जातं.

प्रार्थना करायचीच आहे. पण समोरच्याचं दुःख आपल्याला ऐकवत नाही, म्हणून तिच्याआड लपायचं नाही.

बायबलमधल्या ईयोबाचे, मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या त्या माणसाचे, मित्र आठवा. अलीफज, बिल्दद, सोफर. दुसऱ्या अध्यायात ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या अध्यायात ईयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. मित्रांना ते ऐकवलं नाही, आणि चौथ्यात अलीफज सुरू झाला: निरपराधी माणसाचा कधी नाश झालाय का? पुढे भाषणांवर भाषणं. शेवटी 42:7 मध्ये देव अलीफजाला सांगतो, तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग पेटलाय. गंमत म्हणजे, त्यांची कितीतरी वाक्यं सुटी काढून वाचली तर उपदेशात सहज खपतील.

मग करायचं काय? भेट अर्ध्या तासाची धरा. पहिली पंधरा मिनिटं वचन नाही, सल्ला नाही, "माझ्या नणंदेचंही अस्संच झालं होतं" तर नाहीच. फोन सायलेंट करून पिशवीत ठेवा; उलटा करून टेबलावर ठेवलेल्या फोनकडेही लक्ष जातं. टीव्ही चालू असेल तर बंद करायला मोकळेपणानं सांगा. वन आरकेमध्ये सासूबाई दोन हातांवर बसलेल्या असताना सून काय बोलणार? बाईशी बाईनंच बोलावं, आणि खाली सोसायटीच्या बाकावर किंवा सेक्टरच्या उद्यानात फेरी मारत बोलावं. चालताना नजरेला नजर भिडत नाही, अवघड गोष्टी जरा सोप्या होतात.

समोरचा थांबला की लगेच बोलू नका. मनात पाच आकडे मोजा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या गप्प बसण्यानंतर येते. मग ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत परत सांगा: "म्हणजे पगारापेक्षा, ते घरात कुणाशी बोलत नाहीत, याचा त्रास जास्त होतोय?" चुकलं असेल तर त्या दुरुस्त करतील. "का केलंत?" असं विचारलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. त्याऐवजी "मग काय झालं?" पुरतं.

आता प्रार्थना. मार्क 10:51 मध्ये बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसतंय, तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तसंच विचारा: "कशासाठी प्रार्थना करू?" उत्तर नोकरी असेलच असं नाही. जे सांगतील तेच प्रार्थनेत घ्या, दोन मिनिटांत आटपा. "प्रभू, यांना क्षमा करायला शिकव" असा सल्ला देवाला उद्देशून द्यायचा नाही. ती प्रार्थना नव्हे, टोमणा आहे.

नवरा-बायकोत हेच, फक्त आलटून पालटून: दहा मिनिटं एक बोलणार, मग दहा मिनिटं दुसरा. ठाणे लोकलमधून घामाघूम होऊन घरात पाऊल टाकल्या टाकल्या नको. जेवणं होऊ द्या.

(थोडं थांबून)

ऐकलेलं गुप्त ठेवा. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "एका बहिणीसाठी प्रार्थना करा, पती बेरोजगार" असं टाकलं की ती बहीण कोण, हे पाच मिनिटांत कळतं. परवानगी नसेल तर पाळकांनाही नाव सांगू नका. अपवाद जिवाला धोका असेल तेव्हा. कुणी "जगायचंच नाही" म्हणालं तर एकटं सोडू नका, घरातल्या विश्वासातल्या माणसाला सांगा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावून द्या. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन 181. तिथे "सहन करा, प्रभू बघतोय" म्हणणं हा विश्वास नाही, निष्काळजीपणा आहे.

तीन-चार दिवसांनी फोन करा आणि नेमकं विचारा: "बोलले का ते घरात?"