तो ८,००० चा आकडा आला कुठून?

नमस्कार मंडळी. आजचा विषय असा आहे की ऐकता ऐकता घरातलं कुणीतरी पटकन उठून रेडिओचा आवाज कमी करेल, तर माझी विनंती आहे, नका करू. मी शरीराबद्दल बोलणार आहे, आपल्या सगळ्यांच्या शरीराबद्दल, आणि त्यात आवाज कमी करण्यासारखं काही नाहीये.

लैंगिक आरोग्य, लैंगिकता आणि लिंगभावातली विविधता, या तिन्हींवर गेल्या काही वर्षांत भरपूर संशोधन झालंय. सगळं आज मावणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्यातली एक गोष्ट, बायकांच्या शरीराबद्दलच्या त्या ८,००० च्या आकड्याची, मला तुम्हाला कधीपासून सांगायची आहे, तिच्यासाठी वेळ हवाय, म्हणून बाकीचं आधी भराभर सांगून घेते.

एचआयव्हीचं सांगते. औषध रोज न चुकता चालू आहे आणि रक्तात विषाणू तपासणीत दिसणार नाही इतका कमी झालाय, अशा माणसाकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही लागत नाही. परत सांगते, लागत नाही. २०१९ मध्ये पार्टनर-२ नावाच्या युरोपातल्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात ७८२ पुरुष जोडपी होती, एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशी, आणि कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले त्यांचे. नवीन लागण झाली १५ जणांना, पण विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर कळलं की त्यातली एकही घरच्या जोडीदाराकडून आलेली नव्हती, बाहेरून आली होती. म्हणजे जोडीदाराकडून जोडीदाराला शून्य. हे माहीत नसल्यामुळे किती माणसं आपल्याच माणसाला जवळ घ्यायला घाबरत असतील, मला तर विचार करूनच कसंतरी होतं.

त्याच २०१९ सालात जनुकांवरचाही एक मोठा अभ्यास आला, सुमारे ४,७७,००० लोकांचा. कुणी समलिंगी संबंध का ठेवतं ते जनुकात शोधत होते. तर 'ते एक जनुक' असं काही निघालं नाही, खूप जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे, त्याच्याबरोबर बाकीच्या कितीतरी गोष्टी आहेत, आणि रक्त तपासून कुणाचा कल सांगता येत नाही. आता हे माझं मत आहे म्हणून धरा, पण समजा एकही जनुक सापडलं नसतं तरी काय बिघडलं असतं, समोरचा माणूस स्वतःबद्दल सांगतोय ना, मग ते ऐकायला आपल्याला प्रयोगशाळेचा कागद कशाला लागतो? असो.

आणि जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी असते, तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, त्यात ट्रान्स असण्याशी, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळं असण्याशी, संबंधित नोंद मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढली आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली. समलैंगिकता तर १७ मे १९९० लाच आजारांमधून काढली होती. काढलीये, हे अजूनही परत परत सांगावं लागतं म्हणून सांगतेय.

हां, आता माझी गोष्ट.

मला एका ताईंचं पत्र आलं होतं. हाताने लिहिलेलं, दोन पानी, अक्षर अगदी सुवाच्य. त्यांचं खालच्या भागाचं एक ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर तिथली संवेदना गेली. कुठली, तर त्या जागी त्यांनी शब्दच लिहिला नव्हता, एक रेघ ओढली होती. "माझ्या, रेघ, मध्ये आता काहीच जाणवत नाही." तीन वेळा तसंच, तीन रेघा. पुढे लिहिलं होतं की डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या वयात आता त्याचं काय एवढं, आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

मी ते पत्र ठेवून दिलं आणि वाचायला बसले, कारण मलाही उत्तर नीट माहीत नव्हतं. ती रेघ म्हणजे क्लिटोरिस, योनीच्या वरच्या बाजूला असतो तो लैंगिक सुख जाणवणारा अवयव. पुस्तकी मराठीत शिश्निका म्हणतात. आता या शब्दावर मला थोडं बोलायचंच आहे, विषय जरा बाजूला जाईल पण जाऊ दे. नाटकाची नाटिका, पुस्तकाची पुस्तिका, तशी शिश्नाची शिश्निका, म्हणजे छोटी आवृत्ती, असंच वाटतं ना ऐकताना? ते बरोबर नाहीये. पोटात गर्भ असताना सुरुवातीच्या आठवड्यांत सगळ्यांचा उंचवटा एकसारखाच असतो, पुढे त्याचंच कुणाचं हे होतं, कुणाचं ते होतं, आणि काहींचं या दोन्हींच्या मधलंही काही होतं. एकातून दुसरी छोटी प्रत काढलीये असं नसतं काही. शिवाय छोटी कशी म्हणणार? बाहेर दिसतं ते टोक आहे फक्त, बाकीचा अवयव आत पसरलेला असतो, दोन्ही बाजूंना फाटे जातात, योनीच्या दोन्ही अंगांना फुगीर भाग असतात. हे १९९८ मध्ये हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदन करून नीट मांडलं, ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या महिला युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टर, त्या. १९९८, मंडळी. माणूस चंद्रावर जाऊन आला त्याच्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. नाव बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे, पण आज तो विषय नाही.

तर वाचताना एक वाक्य सगळीकडे दिसायचं. क्लिटोरिसमध्ये ८,००० मज्जातंतू असतात. लेखांमध्ये तेच, भाषणांमध्ये तेच, चांगल्या चांगल्या डॉक्टरांच्या बोलण्यात तेच. ८,०००. आणि मला पहिल्यापासून गोल आकड्यांची जरा शंकाच येते. खरंच कुणी बसून मोजलं असेल तर शेवटी तीन शून्यं येणं कठीण. हे मी घरच्या हिशोबातही बघते, आकडा गोल आला की समजायचं हा अंदाज आहे, कुणी पावती बघितलेली नाहीये.

तर हा ८,००० आला कुठून?

गाईवरून.

नीट ऐका परत, गाईवरून. गाईंवर झालेल्या जुन्या अभ्यासातून तो आकडा उचलला गेला असं संशोधक मानतात. आणि मग तो पुढे गेला, याने लिहिला म्हणून त्याने लिहिला, त्याने लिहिला म्हणून तिने सांगितला, गाय मध्येच कुठेतरी गळून पडली आणि ८,००० तेवढे उरले, बायकांच्या नावावर. इतक्या वर्षांत माणसाचे तंतू कुणी मोजलेच नव्हते. कशाचे काय काय मोजतो आपण, आणि हे नाही.

मग मोजले कुणी? अमेरिकेत ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटी आहे, तिथे ब्लेअर पीटर्स नावाचे प्लास्टिक सर्जन आहेत. ते ट्रान्स लोकांच्या शस्त्रक्रिया करतात. ट्रान्स पुरुष म्हणजे जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगी म्हणून झाली पण जे पुरुष आहेत. त्यांच्यातल्या काहींना शिश्न घडवण्याची शस्त्रक्रिया हवी असते, आणि तिच्यात नवीन अवयवाला नुसता आकार देऊन भागत नाही, त्याला संवेदना यायला पाहिजे, म्हणून क्लिटोरिसची मुख्य नस नव्या भागातल्या नसेला जोडतात. हे जोडकाम सूक्ष्मदर्शकाखाली चालतं, केसापेक्षा बारीक टाक्यांनी. आता नसेला नस जोडायची तर दोन्हींची जाडी, तंतूंची संख्या साधारण जुळायला हवी ना, जाड वायरला बारीक वायर जोडून कसं चालेल. मग या नसेत तंतू आहेत किती? पुस्तकात बघायला गेलं तर तीच गाय.

तेव्हा सात जणांनी परवानगी दिली. सात ट्रान्स पुरुष आणि ट्रान्समस्क्युलिन माणसं, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झालेली पण स्वतःला पुरुषपणाच्या जवळची मानणारी. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या नसेचा एक बारीकसा तुकडा संशोधनाला द्यायचा. तुम्ही जाड केबल आडवी कापलेली बघितली असेल, आत कशी रंगीबेरंगी तारांची टोकं दिसतात, तशीच नस आडवी कापली की आतले तंतू दिसतात, फक्त इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना काही कळायचं नाही. म्हणून त्याला रंग दिला, १,००० पट मोठं करून बघितलं, आणि कॉम्प्युटरच्या मदतीने एकेक तंतू मोजला.

एका बाजूला सरासरी ५,१४० च्या वर. नस दोन्ही बाजूंना असते, उजवी आणि डावी, म्हणून दुप्पट. १०,२८१.

१०,२८१. बघा, शेवटी एक आहे. मला तो शेवटचा एक फार आवडतो. ही सातजणांची सरासरी आहे, प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा असणारच, पण हा माणसांचा मोजून काढलेला आकडा आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लैंगिक वैद्यकाच्या परिषदेत तो पहिल्यांदा मांडला. आणि हे फक्त मुख्य नसेचे तंतू बरं का, छोट्या नसा वेगळ्याच. तुलनेला सांगते, मनगटातून हातात जाणारी जी नस दबली की बोटांना मुंग्या येतात, त्या नसेत सुमारे १८,००० तंतू असतात, आणि ती अख्ख्या पंजाचा किती मोठा भाग सांभाळते. इकडे बोटाच्या पेराएवढ्या जागेसाठी १०,००० च्या वर.

मला या गोष्टीतलं काय धरून ठेवतं सांगू? जगातल्या सगळ्या बायकांच्या शरीराबद्दलची ही इतकी साधी माहिती आपल्याला कुणी दिली, तर सात ट्रान्स माणसांनी. ज्यांच्याबद्दल येताजाता विचारलं जातं की यांच्यासाठी एवढं संशोधन कशाला, मोजके लोक तर आहेत. त्या मोजक्यांमधल्या सातांनी दिलं म्हणून त्या पत्रवाल्या ताईंना आज मी काहीतरी सांगू शकते. नस दुखावली तर ती कशी जुळवायची, ऑपरेशन करताना कुठे जपायचं, हे ज्ञान आता प्रसूतीत जखम झालेल्या बाईलाही लागेल, कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही लागेल. लहान गटासाठी केलेलं काम लहान गटापुरतं राहत नाही.

अजून एक, अगदी थोडक्यात, कारण वेळ होत आलाय. या भागात क्राउझ कॉर्पसल नावाचे बारीक बारीक गोळे असतात, मज्जातंतूंच्या टोकांचे. एकोणिसाव्या शतकात सापडले, आणि पुढे दीडशेहून जास्त वर्षं ते नक्की करतात काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. २०२४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ते कंपनं टिपतात, साधारण ४० ते ८० हर्ट्झची. हो, उंदरांवर. मी मुद्दाम सांगतेय उंदरांवर, कारण पुढच्या वेळी कुणी हे वाक्य सांगताना उंदीर गाळून टाकला तर आपण परत गाईपाशीच येऊ.

त्या ताईंना मी उत्तर लिहिलं. पहिल्याच ओळीत तो शब्द लिहिला, क्लिटोरिस, पूर्ण, रेघ नाही. मग लिहिलं की दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा युरॉलॉजिस्ट, आणि जाताना या गोष्टी कागदावर घेऊन जा. संवेदना कधीपासून गेली, ऑपरेशननंतर लगेच की हळूहळू. दोन्ही बाजूंना गेली की एकाच. पूर्ण बधिर आहे, की मुंग्या येतात, की आग होते, दुखतं. मधुमेह आहे का, कारण त्यानेही नसा मंदावतात. कुठल्या गोळ्या चालू आहेत, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं, पण त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पाळी गेली आहे का. आणि ऑपरेशनचे कागद मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, त्यात कुठे काप घेतला ते लिहिलेलं असतं.

तुमच्यापैकी कुणाला हेच विचारायचं असेल, बाई असा, पुरुष असा, ट्रान्स असा, तर हीच यादी लिहून घ्या, लागते सगळ्यांना. परत सांगते, हळू सांगते, पेन घ्या. कधीपासून. एक बाजू की दोन्ही. बधिर की दुखतं. मधुमेह. गोळ्या. पाळीचं ज्यांना लागू असेल त्यांनी पाळीचं. आणि ऑपरेशनचे कागद.

नमस्कार.