मीठ खाली, पाणी वर

(दृश्य: मे महिना, दुपारचे अडीच. ठाणे स्टेशन. वाशीच्या गाडीची वाट पाहणारी गर्दी. एका माणसाची पाठ.)

या निळ्या शर्टाच्या पाठीवरची पांढरी नक्षी बघा. सकाळी घरून निघताना ती नव्हती. घाम आला, वाळला, पुन्हा आला. पाणी हवेत गेलं, मीठ कापडावर राहिलं. साबणसुद्धा लागणार नाही, नुसत्या पाण्यात खळबळलं की निघून जाईल.

शाळेत जलचक्राची आकृती सगळ्यांनीच काढली आहे. समुद्र, डोंगर, ढग आणि गोल फिरणारे बाण. परीक्षेत हमखास चार मार्क. त्या आकृतीत मीठ मात्र कुणी दाखवलं नाही.

(दृश्य: ऐरोलीचा पूल. खाली ओहोटीची खाडी, चिखल, दोन्ही काठांना तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं.)

पृथ्वीवरचं ९७ टक्क्यांहून अधिक पाणी खारं आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी प्यायलं तर तहान वाढते, कारण ते मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला, प्यायलो त्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. म्हणजे एवढी खाडी उशाशी घेऊन झोपणाऱ्या शहरालाही पाणी आणायचं तर डोंगरातूनच.

तिवरानं यावर आपला मार्ग काढला आहे. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, उरलेलं पान बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल.

(दृश्य: मिठागर. बांध, चौकोनी खाचरं, मिठाच्या राशी.)

जलचक्राची पहिली पायरी उघड्या डोळ्यांनी बघायची तर मिठागर बघावं. मुलुंडला अजून मिठागर रोड आहे. खाडीकाठची बरीच आगरं मात्र आता बंद पडलीत. उधाणाच्या भरतीला पाणी बांधाच्या आत घ्यायचं, मग एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दर टप्प्यावर पाणी आटतं, दाट होत जातं. आधी चुनखडी आणि जिप्सम तळाशी बसतात, मग मीठ. शेवटी उरतं ते कडू पाणी. आगराची गरज मिठाची, म्हणून वर गेलेल्या पाण्याचा हिशेब तिथे कुणी ठेवत नाही. आपण ठेवू.

एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जवळपास ५८० कॅलरी उष्णता लागते. घाम वाळताना ती आपल्या अंगातून जाते, म्हणून गार वाटतं. समुद्रावर ती उन्हातून येते. ही उष्णता वाफेत दडून बसते. पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. हे नाव मला फार आवडतं.

(दृश्य: जूनचा पहिला आठवडा. पारसिकच्या डोंगरावर काळं आभाळ.)

नैऋत्येचा वारा विषुववृत्ताच्या पलीकडून निघतो, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळतो आणि वाटेत अरबी समुद्रावरची वाफ उचलत येतो. सह्याद्री आडवा आला की वर चढल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. चढताना हवा दर १०० मीटरला सुमारे एक अंशानं थंड होते.

पण वाफेचा थेंब व्हायला काहीतरी धरायला लागतं. धुळीचा कण, धुराचा कण, आणि... मिठाचा कण! लाटा फुटतात, फेसाचे बुडबुडे फुटतात, त्यातून उडालेले तुषार हवेत वाळतात. मागे उरलेला बारीकसा खारा कण वाऱ्याबरोबर वर जातो. ज्या मिठाला सोडून पाणी निघालं, त्याच्याच एखाद्या कणाभोवती ते पुन्हा जमतं. ढगातला थेंब असतो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. असे दहा लाख एकत्र आले, तर पावसाचा एक ठसठशीत थेंब. थेंब जमताना ती दडलेली उष्णता सुटते, हवा आणखी वर उसळते, ढग आणखी उंच होतो.

हवेतलं सगळं पाणी एकदम खाली पाडलं, तर पृथ्वीभर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा थर होईल. जुलैत आपल्याकडे एका सरीत तेवढं पडतं. वाफ हवेत सरासरी नऊ-दहा दिवसच टिकते. साठा छोटा, पण फिरता. किराणा दुकानदाराला हे लगेच समजेल.

(दृश्य: मोरबे धरण, भरलेलं. मागे माथेरानचे डोंगर.)

खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे धरण. पाण्याची पातळी ८८ मीटरला पोचली की धरण भरलं, आणि नवी मुंबईकर मनातल्या मनात वर्षभराच्या पाण्याचा हिशेब मिटवतात. तिथून भोकरपाड्याला शुद्ध होऊन ते नळाला येतं. पाण्यातला गाळ निघतो, जंतू मरतात. मीठ काढायचं काम उन्हानं केव्हाच फुकटात उरकलेलं असतं.

(दृश्य: भर पावसात धारण तलाव, झडपेचे दरवाजे.)

शहरावर पडलेल्या पावसाची गोष्ट वेगळी. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात तो मुरतो, झाडं त्यातला बराचसा पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात. काँक्रीटवर तो नुसता धावतो. नवी मुंबईचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, त्यामुळे मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून हे तलाव. भरती असेतो झडपा बंद, पाणी आत थांबतं. ओहोटी लागली की खाडीत जातं. जाताना दगडमातीतले थोडे क्षार विरघळवून नेतं. असे थोडे थोडे, कोट्यवधी वर्षं. समुद्र खारट झाला तो बराचसा असा.

(दृश्य: पुन्हा ठाणे स्टेशनबाहेर. लिंबू सरबताची गाडी. तोच निळा शर्ट.)

ग्लासात पाणी आहे डोंगराकडचं. बरणीतलं मीठ आता बहुधा गुजरातच्या आगरातलं.

सरबतवाला विचारतो, “मीठ की साखर?”

“मिक्स करा. मीठ जरा जास्त.”