सोल्युशन

(दृश्य: पुणे स्टेशन, पहाटे पावणेसहा. मुलांचे चेहरे झाकलेले.)

डेक्कन क्वीन सुटायला अजून दीड तास आहे. चहावाल्यांची लगबग सुरू झाली आहे. भिंतीच्या कडेला गोणपाटावर झोपलेली ही तीन मुलं आता उठतायत. तोंड धुवायच्या आधी मोठ्याचा हात खिशात जातो. खिशात चिंधी आहे.

(दृश्य: हात, अगदी जवळून.)

हा हात नीट पाहा. ही पंक्चर काढायच्या सोल्युशनची ट्यूब आहे. दाबून थोडं चिंधीवर घ्यायचं, चिंधी मुठीत धरायची, मुठीला तोंड लावून श्वास ओढायचा. यात टोल्युइन असतं. ते फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही सेकंदांत पोचतं. भूक मरते. थंडी जाणवत नाही. रात्री कुणी अंगावर धावून येईल, ही धास्तीही थोडा वेळ गळून पडते. पण हे सगळं लवकर उतरतं, म्हणून चिंधी दिवसभर नाकाशी राहते.

याला चैन म्हणू नका. वडापाव खाल्ला की संपला. ट्यूब मात्र पुरवून पुरवून वापरता येते.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभरातल्या व्यसनांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. हुंगण्याची नशा करणारे प्रौढांमध्ये ०.५८ टक्के निघाले, १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये १.१७ टक्के. मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे, असं हे एकच व्यसन.

(दृश्य: ताडीवाला रस्ता. पाठीवर गोणी.)

मोठा मुलगा भंगार वेचतो. त्याची आजीही वेचायची. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं पुण्यात आली, त्यांतलं हे एक. गाव सुटलं, हातातली शेतमजुरी सुटली. पोर रडलं तर कडेवर घेणारी चुलतीही तिकडेच राहिली. इथल्या कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये आपली पंचायत, म्हणजे संघटना, उभी केली आणि ओळखपत्रं मिळवली. ती लढाई मोठीच होती. पण आई पहाटे कामाला गेल्यावर दारू प्यायलेल्या बापासोबत खोलीत उरायचं ते या पोरानेच. सोसवेनासं झालं की काहीतरी घ्यायचं, हे तो स्टेशनवर शिकलेला नाही. घरातच शिकला. एक दिवस पट्ट्याचा मार खाऊन निघाला, तो परत गेलाच नाही.

(दृश्य: एकच चिंधी तिघांच्या हातांतून फिरते.)

इथे त्याला नाव विचारणारं, शेजारी झोपायला जागा देणारं कुणीतरी भेटलं. त्याच हाताने चिंधीही दिली. अशा वेळी नाही म्हणायचं म्हणजे पुन्हा एकटं पडायचं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडून आपण ती अपेक्षा करतो, आणि मग त्याला 'गर्दुल्ला' म्हणून हाकलतो.

चिंधी ओढत राहिलं की मज्जातंतू आणि मूत्रपिंडं खराब होतात, कधी हृदय एकाएकी थांबतं.

(दृश्य: येरवडा. झाडांची सावली, फाटक.)

अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली इथे 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा शहरात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरला होता. व्यसन हा आजार आहे, हे तेव्हापासून इथे सांगितलं जातं. आम्हाला ते मनापासून पटतं. पण उपचारांना घर लागतं. भेटायला येणारं, घरी न्यायला येणारं माणूस लागतं. या तिघांसाठी फाटकाशी कोण येणार?

मुलाच्या हाती नशेची वस्तू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ट्यूब मात्र पंक्चरच्या सामानात कुठेही मिळते.

(दृश्य: फलाट, सव्वासात. गाडी हलते.)

तिघांतला धाकटा आठवड्यापूर्वीच आलाय. अजून त्याने ओढलेलं नाही. मोठा त्याच्यापुढे चिंधी धरतो. धाकटा हात पुढे करतो.

यापुढचं चित्रीकरण नाही. कॅमेरा बंद करून आम्ही १०९८ ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावला.