नेव्हिल डिसूझा : मेलबर्नचे चार गोल

मित्रहो, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत फुटबॉलात चौथा आला, असं आपण अभिमानानं सांगतो. पण मैदानावर आपण तीन सामने खेळलो आणि जिंकलो फक्त एक. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी होती. तिकडे बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरलेले, त्यांचा संघ आलाच नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. म्हणजे ते चौथं स्थान थोडं नशिबाचंच. नशिबाचे नव्हते ते नेव्हिल डिसूझाचे गोल.

नेव्हिल गोव्यातल्या बार्देशचा, आसगावचा. जन्म १९३२चा, तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे. त्याचा खेळ मात्र मुंबईत फुलला. टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांचे संघ तेव्हा जोरात होते. चांगल्या खेळाडूला कंपनी नोकरी द्यायची आणि तो तिच्यासाठी खेळायचा. रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेला कूपरेजच्या मैदानावर गर्दी उसळायची, ते सांगणारे जुने मुंबईकर आजही भेटतात.

आता १ डिसेंबरचा सामना. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्यावर दहा गोल चढवले होते, आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. त्यामुळे आपल्याला कोण मोजणार? नेव्हिलनं ९व्या मिनिटाला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. एखादा संघ इथे बिचकला असता. प्रशिक्षक रहीमसाहेबांची पोरं बिचकली नाहीत. ५०व्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा, नंतर किट्टूचा चौथा. ४-२! ऑलिंपिक फुटबॉलात हॅटट्रिक करणारा नेव्हिल पहिला आशियाई.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोलच नाही, आणि ५२व्या मिनिटाला नेव्हिलनं आपल्याला आघाडी मिळवून दिली! ती टिकली दोन मिनिटं. मग एकामागून एक गोल बसले, चौथा तर आपल्याच खेळाडूकडून. १-४. कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडूनही ०-३ हरलो.

‘ऑस्ट्रेलियाविरुद्धचा विजय म्हणजे नशिबानं लागलेला फटका’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक निकाल : त्याच डिसेंबरात सिडनीत पुन्हा ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. भारत ७, ऑस्ट्रेलिया १.

नेव्हिलचं मोजमाप मी वेगळ्या आकड्यानं करतो. त्या स्पर्धेत सर्वाधिक चार गोल तिघांच्या नावावर आहेत : बल्गेरियाचा मिलानोव्ह, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि आपला नेव्हिल. तिघेही पदकविजेत्या संघांचे असते तर नवल नव्हतं. बल्गेरियानं ब्रिटनला ६-१, युगोस्लाव्हियानं अमेरिकेला ९-१ असं धुतलं होतं. असे सामने गोलांची बेगमी करून देतात. भारताच्या संपूर्ण स्पर्धेत मिळून पाच गोल, त्यातले चार एकट्या नेव्हिलचे. १९८०मध्ये तो गेला, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.